डॉक्टर व्हायचं नाही, पण आजारावर काम करायचंय : रोगप्रतिकारशास्त्र आणि श्वसनविकार संशोधनातील करिअर



जीवशास्त्र आवडणारं मूल दिसलं की आपला प्रश्न ठरलेला असतो, "मग डॉक्टर होणार ना?" पुढे नीटमध्ये गुण कमी पडले की त्याच मुलाला आपणच सांगतो, "आता दुसरं काहीतरी बघ." पण रुग्णावर उपचार करणं आणि आजार मुळात का होतो हे शोधणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं काम सगळ्यांना माहीत आहे. दुसऱ्या कामाबद्दल घरात कुणी बोलत नाही, कारण त्याची वाट कुठून सुरू होते हेच बहुतेकांना ठाऊक नसतं.

आपण दिघी-भोसरी-चाकण पट्ट्यात राहतो. रस्त्याची धूळ, कारखान्यांचा धूर, दर हिवाळ्यात वर्गात सुरू होणारा खोकला हे सगळं आपल्या रोजच्या पाहण्यातलं. म्हणून आज श्वसनविकार आणि रोगप्रतिकारशास्त्र, म्हणजे इम्युनॉलॉजी, या क्षेत्रातल्या संशोधनाच्या संधींची माहिती घेऊ या.

आधी विषय काय आहे ते पाहू

तुमच्या मुलाच्या डाव्या दंडावर एक छोटा गोल व्रण असेल. तो बीसीजी लसीचा. क्षयरोगाच्या जंतूचा गाईगुरांमध्ये आढळणारा भाऊबंद फ्रान्समधल्या दोन शास्त्रज्ञांनी १३ वर्षं प्रयोगशाळेत वाढवून वाढवून दुबळा केला आणि १९२१ मध्ये ही लस पहिल्यांदा बाळाला दिली. दुबळा जंतू शरीरात गेला की आपल्या पांढऱ्या पेशी त्याची ओळख करून घेतात आणि ती लक्षात ठेवतात. खरा जंतू आला की तयारी झालेली असते. शरीर आपलं आणि परकं कसं ओळखतं, ती आठवण किती वर्षं टिकते, कधी कधी शरीर साध्या परागकणावरही हल्ला का करतं आणि त्यातून दमा का होतो, या सगळ्याचा अभ्यास म्हणजे रोगप्रतिकारशास्त्र.

आता गंमत पाहा. बीसीजी लहान मुलांना मेंदूच्या क्षयासारख्या गंभीर प्रकारांपासून चांगलं संरक्षण देते. पण मोठ्या माणसांना फुफ्फुसाचा क्षय होतो, तिथे तिचा भरवसा देता येत नाही. १९६८ साली तामिळनाडूतल्या चेंगलपट्टू भागात यावर फार मोठी चाचणी सुरू झाली. मोठ्या माणसांना फुफ्फुसाच्या क्षयापासून लसीने संरक्षण मिळालं नाही, असं तिच्यातून दिसलं. असं का, याचं सर्वमान्य उत्तर आजही नाही. जगातल्या एकूण क्षयरुग्णांपैकी सुमारे पाव हिस्सा भारतात आहे. म्हणजे हा प्रश्न परदेशातल्या कुणी सोडवण्याची वाट पाहण्यासारखा नाही.

दुसरं उदाहरण आपल्या पालकांच्या कामाचं. फाउंड्रीत, ग्राइंडिंगवर, दगडखाणीत वाळूची अतिशय बारीक धूळ उडते. ती फुफ्फुसात खोलवर गेली की तिथल्या भक्षक पेशी, ज्यांचं कामच मुळी परकी वस्तू गिळून टाकणं आहे, त्या धुळीचे कण गिळतात. पण ते कण पचत नाहीत. उलट पेशीच मरते, सूज येते, हळूहळू फुफ्फुस कडक होत जातं. याला सिलिकोसिस म्हणतात. या पेशी कमजोर झाल्या की क्षयाच्या जंतूला रान मोकळं मिळतं. म्हणून सिलिकोसिस झालेल्यांना क्षयरोगाचा धोका जास्त असतो. म्हणजे श्वसनविकार आणि रोगप्रतिकारशक्ती हे दोन विषय पुस्तकात वेगवेगळ्या धड्यांत असले, तरी फुफ्फुसात ते एकत्रच नांदतात.

हे काम आपल्या आसपास कुठे चालतं?

यासाठी अमेरिकेलाच जावं लागतं असं अजिबात नाही.

१. भोसरी एमआयडीसीत १९९२ पासून राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजे 'नारी', आहे. आता तिचं नाव बदलून तिच्या कामाला विषाणूशास्त्राची व्यापक जोड दिली आहे. एचआयव्ही हा विषाणू प्रतिकारशक्तीच्या पेशींवरच हल्ला करतो आणि अशा रुग्णांना क्षय लवकर गाठतो. कंपनीच्या बसने आपण ज्या रस्त्यांवरून जातो, तिथेच हे संशोधन चालतं.

२. पुण्यातली राष्ट्रीय विषाणू संस्था, म्हणजे एनआयव्ही. स्थापना १९५२. जानेवारी २०२० मध्ये केरळमधल्या देशातल्या पहिल्या कोविड रुग्णाचा नमुना इथेच तपासला गेला. पुढे इथे वेगळ्या केलेल्या विषाणूपासून कोव्हॅक्सिन तयार झाली. २००९ मध्ये स्वाइन फ्लूमुळे पुणे-पिंपरी-चिंचवडच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या, तेव्हाही नमुने इथेच जात होते.

३. विद्यापीठाच्या आवारातलं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, म्हणजे एनसीसीएस. देशभरातल्या प्रयोगशाळांना संशोधनासाठी पेशी पुरवणारी पेशीबँक इथे आहे आणि रोगप्रतिकारशास्त्र हा तिथल्या संशोधनाचा एक मोठा विषय आहे.

४. पाषाणची आयसर, स्थापना २००६. बारावीनंतर थेट विज्ञान संशोधनाकडे नेणारं शिक्षण इथे मिळतं.

५. पुण्यातलं चेस्ट रिसर्च फाउंडेशन. चुलीचा आणि डासांच्या कॉइलचा धूर फुफ्फुसांना काय करतो, यावर तिथल्या संशोधकांनी काम केलं आहे. विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांनाही सीओपीडी हा फुफ्फुसाचा जुनाट आजार मोठ्या प्रमाणावर होतो, हे मांडणारा डॉ. संदीप साळवी आणि पीटर बार्न्स यांचा लेख २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला.

कंपन्यांचं म्हणाल, तर हडपसरला सीरम इन्स्टिट्यूट आहे, हिंजवडीला जेनोव्हा आहे. लस बनवणाऱ्या कंपन्यांनाही प्रतिकारशक्ती मोजणारी, प्रयोग आखणारी माणसं लागतात.

शिक्षणाची वाट

दहावीनंतर विज्ञान शाखा आणि त्यात जीवशास्त्र. शक्य असेल तर गणितही सोडू नये. आजच्या जीवशास्त्रात संख्याशास्त्र आणि संगणक यांचं काम खूप वाढलं आहे.

बारावीनंतर तीन मुख्य वाटा आहेत.

पहिली वाट साध्या महाविद्यालयातून बीएस्सीची. विषय सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, प्राणिशास्त्र किंवा रसायनशास्त्र. त्यानंतर दोन वर्षांची एमएस्सी. पुण्यात एनआयव्हीमध्ये विद्यापीठाशी संलग्न विषाणूशास्त्राची एमएस्सीही आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी पूर्ण केल्यास थेट पीएचडीसाठीही अर्ज करता येतो.

दुसरी वाट आयसरची, पाच वर्षांची बीएस-एमएस. यासाठी आयसरची स्वतंत्र प्रवेश परीक्षा असते.

तिसरी वाट एमबीबीएसची. पुढे श्वसनरोग किंवा सूक्ष्मजीवशास्त्रात एमडी करून संशोधनात येता येतं. पशुवैद्यक आणि औषधनिर्माणशास्त्र शिकलेली मुलंही या क्षेत्रात येतात.

पहिल्या दोन वाटांनी आलेल्यांची पुढची पायरी पीएचडी. त्यासाठी सीएसआयआर-यूजीसी नेट ही मुख्य परीक्षा. डीबीटी आणि आयसीएमआर यांच्याही स्वतंत्र पात्रता परीक्षा असतात. त्यांचे नियम बदलत राहतात, म्हणून त्या त्या वर्षीची जाहिरातच वाचावी. ऐकीव माहितीवर जाऊ नये.

"पण कमावणार कधी?"

पालकसभेत हा प्रश्न येणारच, आणि तो चुकीचा नाही. भाड्याचं घर आणि एकाचा पगार अशा घरात दहा वर्षांचं शिक्षण म्हणजे छोटी गोष्ट नव्हे. म्हणून आकडेच पाहू.

नेट-जेआरएफ मिळाली तर पीएचडीच्या पहिल्या दोन वर्षांत दरमहा ३७,००० रुपये आणि नंतर ४२,००० रुपये मिळतात. घरभाडे भत्ता वेगळा. हे दर जानेवारी २०२३ पासूनचे आहेत. म्हणजे साधारण तेविसाव्या वर्षी मूल स्वतःच्या खर्चापुरतं कमवू लागतं. जेआरएफ मिळाली नाही तरी महाराष्ट्रात बार्टी, सारथी, महाज्योती, टीआरटीआय या संस्थांच्या पीएचडी फेलोशिप आहेत. कुठली आपल्याला लागू होते ते पाहावं.

पीएचडीला पाच-सहा वर्षं जातात. त्यानंतर बहुतेक जण दोन-चार वर्षं पोस्टडॉक म्हणून भारतात किंवा परदेशात काम करतात. परदेशातून परत येणाऱ्यांसाठी डीबीटीची रामलिंगस्वामी फेलोशिप आहे. कायमच्या नोकरीत सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन दरमहा ५७,७०० रुपये आणि आयसीएमआरमधल्या सायंटिस्ट-बी पदाचं ५६,१०० रुपये आहे. भत्ते वेगळे.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. कायमच्या जागा कमी आणि उमेदवार जास्त. अनेकदा वय तिशीच्या पुढे जातं. फेलोशिपचे पैसे कधी कधी महिनोन् महिने अडकतात आणि मुलांना उसनवारी करावी लागते. मुलींच्या बाबतीत लग्नाची घाई नेमकी पीएचडीच्या वर्षांतच होते. हे आधी माहीत असेल तर घरात बसून शांतपणे ठरवता येतं. अर्ध्यावर कळलं तर मूल आणि पालक दोघंही खचतात.

ज्यांना इतकी वर्षं थांबणं शक्यच नाही, त्यांच्यासाठी छोटी वाट आहे. बीएस्सी किंवा डीएमएलटीनंतर संशोधन प्रकल्पांत तंत्रज्ञ म्हणून कंत्राटी जागा निघतात. नमुने गोळा करणं, चाचण्या करणं, नोंदी ठेवणं अशी कामं असतात. काही वर्षं असं काम करून, अनुभव घेऊन नंतर एमएस्सी-पीएचडीकडे वळता येतं.

पुण्याचीच एक मुलगी

डॉ. कमल रणदिवे यांचा जन्म १९१७ चा, पुण्यातला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायचे. मुलीने डॉक्टर व्हावं ही त्यांची इच्छा होती. कमलताईंनी मात्र संशोधनाची वाट धरली. मुंबईत त्यांनी ऊती-संवर्धनाची, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली, कर्करोगावर संशोधन केलं आणि कुष्ठरोगाच्या जंतूवरही काम केलं. हा जंतू क्षयाच्या जंतूचाच नातेवाईक. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना उभारण्यातही त्या पुढे होत्या. "डॉक्टर नाही झाली तर काय?" या प्रश्नाचं इतकं स्वच्छ उत्तर आपल्याच शहरात आहे, पण आपल्या वर्गाच्या भिंतीवर त्यांचा फोटो क्वचितच दिसतो.

प्राथमिक शाळेत आपण काय करू शकतो?

आपण पहिली ते सातवीला शिकवतो, करिअर फार लांबचं आहे, असं वाटेल. पण प्रश्न विचारायची सवय याच वयात लागते किंवा मोडते.

- पळण्याआधी आणि पळून आल्यावर एका मिनिटातले श्वास मोजायला सांगा. पाच मुलांचे आकडे फळ्यावर लिहा. सगळ्यांचे सारखे का नाहीत, हे त्यांनाच विचारा. लगेच उत्तर देऊ नका. दमा असलेल्या मुलाला पळवू नका, त्याला मोजणीचं काम द्या.
- प्लास्टिकची बाटली आणि दोन फुगे यांपासून फुफ्फुसाचं मॉडेल करता येतं. आडवा पडदा खाली गेला की हवा आत का येते, हे मुलांना डोळ्यांनी दिसतं.
- वर्षभर महिन्यानुसार 'सर्दी-खोकल्यामुळे गैरहजर' एवढीच संख्या लिहा. मुलांची नावं नकोत, आजारावरून कुणाला चिडवलं जायला नको. मार्चमध्ये आलेख काढा. कुठल्या महिन्यात संख्या वाढली आणि तेव्हा बाहेर काय बदललं होतं, यावर चर्चा करा. साथरोगांचे अभ्यासकही सुरुवात इथूनच करतात.
- विज्ञानातले शब्द मराठी आणि इंग्रजी दोन्ही नावांनी सांगा. पेशी म्हणजे सेल, प्रतिपिंड म्हणजे अँटिबॉडी, फुफ्फुस म्हणजे लंग. मराठी माध्यमातली मुलं अकरावीत विषयाला घाबरत नाहीत, ती अनोळखी शब्दांना घाबरतात.
- सहावीपासूनच्या मुलांसाठी इन्स्पायर-मानक योजना आहे. निवड झालेल्या कल्पनेसाठी १०,००० रुपये मिळतात. सहावीला होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षाही असते. पण क्लासची फी परवडत नसेल तर परीक्षेचा ताण घेऊ नये. कल्पना सुचणं जास्त महत्त्वाचं.
- २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, पुण्यातल्या काही संशोधन संस्था सर्वांसाठी खुल्या असतात. जानेवारीतच मुख्याध्यापकांचं पत्र पाठवा. चिंचवडचं सायन्स पार्क तर वर्षभर आहेच.

पालकहो, तुमच्याकडे एकच मागणं. मूल "बाबा, तुम्हाला कंपनीतून आल्यावर खोकला का येतो?" असं विचारेल, तेव्हा "गप्प बस, अभ्यास कर" म्हणू नका. धुळीचं सांगा, मास्क का लावायचा ते सांगा आणि माहीत नसेल तर "आपण शोधू या" म्हणा. ज्यांना ही माहिती उपयोगी पडेल अशा एखाद्या दहावी-बारावीच्या विद्यार्थ्याच्या घरी हा लेख जरूर वाचून दाखवा. येत्या विज्ञान दिनाला आपल्या शाळेची एक तरी बस प्रयोगशाळेकडे निघावी, एवढीच इच्छा.