मोबाइलवर नवा पत्ता, वाय-फायवर जुनाच? आयपीव्ही६कडे वळायचं कसं?

रोह्याजवळच्या वरसेत राहात असाल तर एक करून बघा. वाय-फाय बंद करा, मोबाइल डेटा सुरू करा आणि सेटिंग्जमधल्या 'अबाउट फोन'मध्ये आयपी अ‍ॅड्रेस पाहा. जिओचं सिम असेल तर २४०९ने सुरू होणारा, कोलन असलेला लांबलचक पत्ता दिसेल. हाच आयपीव्ही६. आता पुन्हा वाय-फाय लावा. बऱ्याच ठिकाणी फक्त १९२.१६८ने सुरू होणारा जुना पत्ता उरतो.

असं का? जुन्या आयपीव्ही४चा पत्ता ३२ बिटचा, म्हणजे अख्ख्या जगासाठी सुमारे ४२९ कोटी पत्ते. जागतिक साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजीच संपला. सप्टेंबर २०१६मध्ये आलेल्या जिओला कोट्यवधी ग्राहकांसाठी जुने पत्ते मिळणं शक्यच नव्हतं, म्हणून तिनं थेट १२८ बिटचा आयपीव्ही६ घेतला. या वापरात भारत आज जगात आघाडीवर आहे तो मुख्यतः मोबाइलमुळे.

वायरच्या इंटरनेटवर मात्र अनेक कंपन्या एकाच पत्त्यामागे कित्येक ग्राहक बसवतात. याला सीजीनॅट म्हणतात. अख्ख्या चाळीला एकच पत्ता असावा, तसं. तुम्ही पाठवलेल्या पत्राचं उत्तर तुमच्या खोलीत येतं. पण बाहेरून पहिल्यांदाच आलेलं पत्र कोणाचं, हे कळत नाही. म्हणून दुकानातला सीसीटीव्हीचा डीव्हीआर घरून थेट उघडत नाही. मग क्लाउड अ‍ॅपवर विसंबा, नाहीतर स्टॅटिक आयपीसाठी जादा पैसे मोजा!

जुनं तोडायचं का?

अजिबात नाही. दोन्ही पत्ते एकाच नेटवर्कवर शेजारी-शेजारी चालवायचे, याला 'ड्युअल स्टॅक' म्हणतात. दूरसंचार विभागानं सरकारी कार्यालयांना यासाठी ३० जून २०२२ची मुदत दिली होती. ३१ डिसेंबर २०२२नंतरच्या नव्या वायर्ड जोडण्याही आयपीव्ही६ चालणाऱ्याच हव्यात. म्हणजे इंटरनेटवाल्याकडे हे मागण्यात गैर काही नाही. त्यानं पत्त्यांचा गट दिला की राउटरमध्ये आयपीव्ही६ सुरू करायचं. ज्या जुन्या प्रिंटरला किंवा डीव्हीआरला नवी भाषा येत नाही, तो जुन्याच पत्त्यावर राहू द्या.

खरी मेख पुढे आहे. इंजिनीअरिंगला आम्हाला पत्त्यांची लांबी पाठ करायला लावतात, फायरवॉलचं मात्र कोणी नीट बजावत नाही. चाळीच्या त्या एका पत्त्यामुळे आतली उपकरणं आपोआप झाकली जात होती. आयपीव्ही६मध्ये प्रत्येक कॅमेऱ्याला स्वतःचा जाहीर पत्ता मिळतो. राउटरची आयपीव्ही६ फायरवॉल बंद असेल आणि कॅमेऱ्याचा पासवर्ड अजून 'अ‍ॅडमिन'च असेल, तर तो जगातून कुठूनही उघडता येईल. त्यामुळे आधी बाहेरून येणारी जोडणी अडवा, पासवर्ड बदला, मगच नवा पत्ता सुरू करा. कॅमेरा बाहेरून हवाच असेल, तर फक्त तेवढीच वाट मोकळी ठेवा.

सगळं झालं की वाय-फायवरूनच 'टेस्ट-आयपीव्ही६ डॉट कॉम' उघडा. तिथं १०पैकी गुण मिळतात.