सृष्टीचे दप्तर

सृष्टीच्या सौंदर्यावरून सृष्टिकर्त्याचे अस्तित्व सिद्ध करण्याचा उद्योग इंग्लंडात दीर्घकाळ चालला. वनस्पतिशास्त्रज्ञ आणि धर्मोपदेशक जॉन रे याने १६९१ साली ईश्वराच्या शहाणपणाची साक्ष सृष्टीतून काढणारा ग्रंथ लिहिला, आणि १८०२ साली विल्यम पेली याने माळावर सापडलेल्या घड्याळाचा दाखला देऊन, ज्याअर्थी रचना आहे त्याअर्थी रचनाकार असलाच पाहिजे, असा युक्तिवाद मांडला. केंब्रिजमध्ये शिकताना डार्विनने हा पेली मोठ्या आवडीने वाचला होता, आणि पुढे १८५९ साली त्याच्याच ग्रंथाने त्या युक्तिवादाचा पाया खचवला, हे सर्वश्रुत आहे. परंतु मला त्या युक्तिवादातील उणीव निराळीच वाटते. फूल एकदा पुरावा म्हणून दाखल झाले, की पाहणाऱ्याचे लक्ष फुलावरून उडून खटल्याच्या निकालाकडे लागते. श्रद्धावंताने सृष्टीकडे पाहण्याची याहून निर्मळ रीत आपल्याच मुंबई इलाख्यात दोन जेझुइट धर्मगुरूंनी आचरली, आणि तिची आठवण आपण ठेवलेली नाही.

पहिले फादर एथेलबर्ट ब्लॅटर. १८७७ साली स्वित्झर्लंडात जन्मलेल्या या गृहस्थांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात वनस्पतींचा संग्रह उभारला, जो आज ब्लॅटर हर्बेरियम या नावाने ओळखला जातो. काश्मीरच्या फुलांपासून ताडमाडांपर्यंत त्यांची लेखणी फिरली; आणि ज्याला आपण नुसते गवत म्हणून तुडवतो त्या मुंबई इलाख्यातील तृणांवर चार्ल्स मॅक्कॅन यांच्यासह त्यांनी रचलेला ग्रंथ, त्यांच्या निधनानंतर, १९३५ साली प्रसिद्ध झाला.

दुसरे फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव. १९०३ साली स्पेनमध्ये जन्मलेल्या या धर्मगुरूंनी खंडाळ्याचा मुलूख आपलासा केला, आणि १९५३ साली त्या परिसराची वनस्पतिसूची ग्रंथरूपाने दिली. अशा सूचीमागे किती श्रम असतात याची कल्पना तिच्या नीरस पृष्ठांवरून येत नाही. फुलोऱ्यासह फांदी खुडायची, पाने एकमेकांवर चढणार नाहीत अशी कागदांत पसरायची, दाबाखाली ठेवायची, आणि घाटातल्या पावसाळी हवेत बुरशी धरू नये म्हणून ओले कागद पुन्हा पुन्हा बदलायचे. मग सुकलेला नमुना जाड कागदावर बसवून स्थळ, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव आणि क्रमांक अशी नोंद करायची. हा तपशील चुकला तर सुंदरातला सुंदर नमुना शास्त्राच्या दृष्टीने निरुपयोगी ठरतो. फुलाची स्तुती त्या चिठ्ठीवर नसते. असते ती केवळ त्याची हकिकत. ज्याला ही सृष्टी ईश्वराची आहे अशी निष्ठा आहे, त्याने तिच्यातील क्षुद्र तृणाचीही खोटी किंवा अर्धवट नोंद करू नये, यापरते सृष्टिपूजन मला तरी दुसरे ठाऊक नाही.

कारवीच्या बाबतीत ही निष्ठा विशेष कसाला लागते. सह्याद्रीच्या उतारांवर दाटीने वाढणारे, ज्याच्या काठ्यांनी डोंगरातील घरांचे कुड उभे राहतात असे हे झुडूप साधारणतः सात वर्षे नुसते पानांवर राहते, आणि मग एका पावसाळ्याअखेर अवघा डोंगर जांभळ्या-निळ्या फुलांनी झाकून, बी धरून, मरून जाते. पाहणाऱ्याचा ऊर भरून यावा असेच ते दृश्य असते. पण कोणत्या डोंगरावर कोणत्या साली बहर आला हे टिपून ठेवणारा माणूस विरळा. कारवी ज्या कुळातली, त्या अडुळसा-कोरांटीच्या कुळावर सांतापावांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि १९६२ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात कारवीवर्गाच्या व बांबूच्या सामूहिक बहराचा परामर्श घेतला.

हे सारे परधर्मीयांचे, परदेशातून आलेले, असे कोणी समजू नये. गणेशचतुर्थीच्या एकवीस पत्री घरोघर गोळा होत असत, तेव्हा माका, आघाडा, डोरली, शमी, अर्जुन, विष्णुक्रांता ही नावे मुलांना पुस्तकाविना पाठ होत, आणि कुंपणापलीकडचे नेमके पान आणल्याशिवाय पूजा पुरी होत नसे. देवाला भलतेच पान चालत नाही, या एका दंडकाने कित्येक पिढ्यांना वनस्पती ओळखायला लावले. आज बाजारातून पत्रीची जुडी विकत येते, तीत काय बांधले आहे हे विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारीत नाही. अशा पूजेत भक्ती नसते असे मी म्हणणार नाही, पण तिची सृष्टीशी असलेली ओळख तुटली आहे, याचे मला मनापासून दुःख आहे.

भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या संचालकपदापर्यंत पोचलेल्या आणि १९६७ साली पद्मश्रीने गौरविल्या गेलेल्या सांतापावांनी सामान्य वाचकांसाठी नेहमीच्या वृक्षांवर एक छोटे पुस्तक लिहिले, ते नॅशनल बुक ट्रस्टने १९६६ साली काढले. ज्या घरांत येत्या भाद्रपदात पत्रीची जुडी सोडली जाईल, तेथे त्या जुडीशेजारी ते पुस्तक असावे, आणि मुलांनी प्रत्येक पान हाती धरून, हे कोणत्या झाडाचे, म्हणून मोठ्या माणसांना सतावून सोडावे, असे फार वाटते.