माहेरच्या वाटेवरची लस

परदेशी असलेली लेक सुट्टीला माहेरी येणार म्हटले की घरात आधी खाण्यापिण्याची यादी तयार होते. आमच्या संगमनेरातही अशी घरे आता कमी नाहीत. अमेरिकेतल्या शाळांना सुट्टी लागते जूनमध्ये. त्यामुळे नातवंडे येतात ती नेमकी पहिल्या पावसाच्या गढूळ पाण्याबरोबर.

त्याच वेळी तिकडेही एक यादी होत असते, डॉक्टरांची! टायफॉइडची लस, ‘अ’ प्रकारच्या काविळीची लस, गोवराचे डोस पुरे झाले का, हिवतापाच्या गोळ्या लागतील का. माझ्या मुलीने ही यादी पहिल्यांदा फोनवर वाचून दाखवली, तेव्हा तिचे वडील दुखावले. म्हणाले, "अगं, प्रवरेच्या पाण्यावर वाढलीस तू. माहेरी यायला सुई कशाला?" ती शांतपणे म्हणाली, "बाबा, मी वाढले. ही दोघं नाही वाढली."

सारे मर्म या उत्तरात आहे. ‘अ’ काविळीचा विषाणू आपल्या पिढीतल्या बहुतेकांना लहानपणीच गाठून गेला. लहान मुलांना हा आजार बहुधा सौम्य होतो, अनेकदा कळतही नाही, पण पुढे जन्मभर संरक्षण मिळते. तिकडे जन्मलेल्या मुलांच्या वाट्याला ते येत नाही. टायफॉइडचे तर असे आहे, की एकदा होऊन गेला तरी पुन्हा होऊ शकतो. म्हणून लहानपण इथे गेलेल्या आईबापांनीही निर्धास्त राहू नये.

हॉटेलात उतरून बाटलीतले पाणी पिणाऱ्या पर्यटकापेक्षा नातलगांकडे येणाऱ्या माणसाला टायफॉइडचा धोका अधिक असतो. अमेरिकेत आढळणारे टायफॉइडचे बहुतेक रुग्ण प्रवासाहून परतलेले असतात, आणि त्यांतले पुष्कळसे भारत, पाकिस्तान, बांगलादेशात आप्तांना भेटून आलेले. कारण उघड आहे. आपली माणसे महिना-महिना राहतात, चार घरी जेवतात, रसवंतीवर बर्फ घातलेला रस पितात. आत्याने पुढे केलेल्या पेल्याला ‘नको’ म्हणणे कुणाला जमते?

टायफॉइडची लस प्रवासाच्या निदान दोन आठवडे आधी घ्यावी लागते, म्हणून महिना-दीड महिना आधी डॉक्टरांना भेटलेले बरे. सहा महिन्यांवरच्या तान्ह्या बाळाला गोवराची लस प्रवासासाठी लवकर देता येते. मात्र टायफॉइडची लस म्हणजे पूर्ण कवच नव्हे. पाणी उकळून गार केलेलेच द्यावे, दूध तापवूनच द्यावे, उघड्यावरची कापलेली फळे टाळावीत. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि घरातल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. पाहुणे येण्याआधी पिंप, कूलर, कुंड्यांखालच्या ताटल्या कोरड्या करणे हे आपले काम.

कुत्र्यांबद्दल मुलांना आधीच सांगून ठेवावे. तिकडची मुले गल्लीतल्या कुत्र्यालाही घरचेच समजून हात लावतात. कुत्रा चावला किंवा ओरखडला, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि तडक दवाखाना गाठावा. हळद, चुना, तिखट काही लावू नये. रेबीजची लक्षणे दिसू लागली की वाचणे जवळजवळ अशक्य, पण वेळेवर घेतलेल्या लशीने तो टळतो.

लशीचा आपल्याकडचा इतिहासही जुना आहे. १८९७च्या जानेवारीत मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यांच्या नावाची संस्था आजही परळला उभी आहे. पंढरीच्या वारकऱ्यांनाही एके काळी पटकीची लस टोचली जाई. तेव्हा त्यात विठोबाचा किंवा पंढरीचा अपमान झाला, असे कुणी म्हणणार नाही.

आणखी एक सांगायचे. परत गेल्यावर काही आठवड्यांनी, अगदी महिन्यांनीसुद्धा मुलाला ताप आला, तर तिथल्या डॉक्टरांना आधी ‘आम्ही भारतात जाऊन आलो’ हे सांगायला लेकीला बजावावे. त्या एका वाक्याने हिवताप आणि टायफॉइडची तपासणी वेळेवर होते.

आजी-आजोबांनो, त्या यादीवर रुसू नका. नातवंडांच्या सुट्टीचे मोजकेच दिवस आपल्या वाट्याला येतात. ते सलाइनच्या बाटलीकडे बघत जाण्यापेक्षा अंगणात जावेत, एवढ्यासाठीच ती सुई आहे.