घरातील हवा आणि प्रकाशाने जागणारे खनिज

वैनगंगेच्या काठी थंडी पडू लागली, की बालाघाट जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतून दारे-खिडक्या लौकर लागतात. आत चूल पेटलेली असते. कोठे उशाशी निखाऱ्यांची शेगडीही असते. बाहेर रानातली स्वच्छ हवा आणि घरात मात्र धूर, असा उलटा प्रकार घडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली घरगुती इंधनाच्या धुरापायी जगात सुमारे ३२ लाख माणसे अकाली दगावली. पक्क्या घरांतील माणसेही पूर्ण निर्धास्त नाहीत. नवा रंग, प्लायवुड आणि डिंक यांतून फॉर्मल्डिहाइडसारखी द्रव्ये हवेत मिसळत राहतात.

यावर तोडगा म्हणून हवा शुद्ध करणारे लेप आणि यंत्रे बाजारात आली आहेत. त्यांतील पुष्कळांचा आधार एकच आहे: टिटॅनियम डाय-ऑक्साइड. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आणि केरळात काळी वाळू सापडते. तिच्यातील इल्मेनाइट या खनिजापासून ही पांढरीशुभ्र पूड तयार करतात.

ही पूड उत्प्रेरक आहे. उत्प्रेरक म्हणजे लग्न जमविणारा मध्यस्थच होय. तो दोन घरे जोडून देतो. स्वतः मात्र होता तसाच राहतो आणि दुसऱ्या कार्याला मोकळा होतो. बर्झेलियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १८३५ साली या क्रियेला नाव दिले. टिटॅनियमच्या या पुडीचे वैशिष्ट्य असे, की ती अंधारात झोपलेली असते आणि प्रकाशाने जागी होते. मात्र कोणताही प्रकाश तिला चालत नाही. सुमारे ३८८ नॅनोमीटरहून आखूड लहरींचे, म्हणजे अतिनील किरण तिला लागतात. असा किरण पडला, की तिच्यातील एक इलेक्ट्रॉन उसळून जागा सोडतो व मागे पोकळी राहते. ही पोकळी हवेतील बाष्पाशी आणि तो इलेक्ट्रॉन प्राणवायूशी संयोग पावून अतिशय जहाल कण निर्माण करतात. पृष्ठभागाला चिकटलेल्या दूषित द्रव्याची ते मोडतोड करतात. सर्व ठीक घडले तर शेवटी कर्बवायू आणि पाणी उरते. जपानमधील होंडा आणि फुजिशिमा यांनी १९७२ साली याच पदार्थावर प्रकाश टाकून पाण्याचे विघटन घडविले. तेव्हापासून या संशोधनाला वेग आला.

परंतु 'सर्व ठीक घडले तर' या शब्दांतच खरी मेख आहे. घरातील आधुनिक विजेच्या दिव्यांत अतिनील किरण जवळजवळ नसतात. शिवाय दूषित हवा प्रत्यक्ष लेपाला भिडली तरच काम होते. खोलीच्या मध्यभागची हवा भिंतीपर्यंत पोहोचेलच असे नाही. मोडतोड अर्धवट राहिली तर अल्कोहोलसारख्या द्रव्यापासून उलट फॉर्मल्डिहाइडच तयार होते. रोग काढता काढता दुसरा रोग लावावा, तशातली गत. चुलीच्या काजळीचे कण तर या लेपाला मुळीच आवरत नाहीत. ते त्यावर बसले, की प्रकाशच अडतो.

बालाघाटच्या भूमीत आणखी एका उत्प्रेरकाची सामग्री आहे. भरवेलीला मँगनीजची भूमिगत खाण आहे आणि मलाजखंडला तांब्याची. मँगनीज डाय-ऑक्साइड आणि कॉपर ऑक्साइड यांच्या मिश्रणाला 'हॉपकॅलाइट' म्हणतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत ते तयार झाले. त्याला प्रकाशाची गरज नाही. नेहमीच्या तापमानालाच ते कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचे कर्बवायूत रूपांतर करते. म्हणूनच खाणीत आग लागली असता जीव वाचविण्यासाठी कामगार तोंडाला जे साधन लावतो, त्याच्या काही प्रकारांत हेच मिश्रण असते. मात्र ओल लागली की त्याची शक्ती जाते. त्यामुळे ते कोरडे ठेवावे लागते आणि काही काळच पुरते. शेजारच्या भंडारा जिल्ह्यात डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीज डाय-ऑक्साइड तयार होतो, तो मुख्यत्वे बॅटरीसाठी.

यावरून गृहस्थाने काय बोध घ्यावा? शेगडीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला तो जागेही करीत नाही. भिंतीचा लेप त्याच्यापासून रक्षण करील, या भरवशावर दार लावून झोपणे म्हणजे जिवाशी खेळ होय. निजण्यापूर्वी शेगडी बाहेर काढावी. चुलीवर धुराडे असावे, जमेल त्या घरी गॅस वापरावा आणि समोरासमोरच्या दोन खिडक्या थोड्या तरी उघड्या ठेवाव्यात. नवा रंग दिलेली खोली काही दिवस मोकळी हवा खेळवून मगच वापरावी. घाण निर्माणच होऊ न देणे हा पहिला उपाय, ती बाहेर घालविणे हा दुसरा. त्यानंतर जे थोडे उरेल, तेवढ्यापुरतीच या खनिजांची मदत मागावी.