प्लॅटिनम ते एफएसआय

हैदराबादच्या सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरला २००३ साली हरित इमारतींसाठीच्या ‘लीड’ या अमेरिकी पद्धतीचं प्लॅटिनम मानांकन मिळालं. अमेरिकेबाहेर ते मिळवणारी ही पहिलीच इमारत. वास्तुविशारद करण ग्रोव्हर यांनी मधोमध चौक ठेवला होता, भिंतींना जाळ्या दिल्या होत्या, वारा थंड करून आत सोडणारे मनोरे उभारले होते, छपरावर बाग केली होती. मानांकन अमेरिकेचं असलं तरी इमारत इथल्या उन्हाला ओळखून बांधलेली होती.

देशानं मात्र त्या इमारतीतलं प्लॅटिनम उचललं आणि जाळी तिथंच सोडली. पुढची वर्षं आयटी पार्कांची होती. मे महिन्याच्या उन्हात उभ्या काचेच्या बंद इमारती, आणि त्यातल्या कित्येकींच्या दर्शनी भागात मानांकनाची पाटी. लीडच्या हिशोबात वाचलेली वीज मोजतात ती कागदावरच्या एका कल्पित इमारतीशी तुलना करून. त्यात एसी बहुधा धरलेलाच असे. एसी लागूच नये अशी इमारत बांधणाऱ्याचं कसब त्या गणितात पुरतं उतरत नव्हतं. तरी बहुराष्ट्रीय भाडेकरू लीडच विचारत, म्हणून विकासक लीडच घेत. अशा भाडेकरूसाठी बांधायचं असेल तर आजही तीच निवड व्यवहाराची आहे.

‘टेरी’ या संस्थेनं घडवलेलं आणि केंद्र सरकारनं २००७ साली राष्ट्रीय पद्धत म्हणून स्वीकारलेलं ‘गृह’ मानांकन या पार्श्वभूमीवर आलं. १०० गुण, एक ते पाच तारे, आणि बिनएसी किंवा अर्धवट एसी असलेल्या इमारतींनाही त्यात रास्त जागा. पुढच्याच वर्षी इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलनं घरांसाठी वेगळं मानांकन आणलं. पुण्यात हडपसरच्या सुझलॉन वन अर्थनं तर दोन्ही पद्धती पेलल्या: लीडचं प्लॅटिनम आणि गृहचे पाच तारे. ख्रिस्तोफर बेनिंजर यांच्या या आराखड्यात काचेवर ॲल्युमिनियमच्या आडव्या पट्ट्यांची सावली आहे. चांगला आराखडा असला की पद्धत कुठलीही चालते, हे मला त्या इमारतीवरून पटलं.

त्याच काळात गंभीर शंका पुढं आल्या. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या संशोधकांनी २००९ साली लीडच्या १०० इमारतींच्या प्रत्यक्ष ऊर्जावापराचा अभ्यास प्रसिद्ध केला. सरासरी बचत १८ ते ३९ टक्के होती. पण २८ ते ३५ टक्के इमारती तशाच साध्या इमारतींहून जास्त ऊर्जा खात होत्या, आणि मानांकनाचा दर्जा सिल्व्हर की गोल्ड यावरून वापराचा फारसा अंदाज बांधता येत नव्हता. आपल्याकडे दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटनं हाच प्रश्न लावून धरला: मानांकित इमारतींची वीजबिलं लोकांसमोर का येत नाहीत?

या प्रश्नाचा निकाल लागण्याआधीच निवडीचं कारण बदललं. महाराष्ट्रात २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनं मानांकनानुसार ३, ५ आणि ७ टक्के वाढीव एफएसआय, म्हणजे तेवढ्या जादा बांधकामाची परवानगी, देऊ केला. मग ‘कुठली पद्धत घेऊ?’ याचा अर्थ ‘कमी खर्चात कुठल्या पद्धतीचं सिल्व्हर बसेल?’ असा होऊ लागला. सवलत द्यायलाच हवी, याबद्दल मला शंका नाही. पण ठरलेलं मानांकन न मिळाल्यास दंड आहे. मानांकन मिळालं आणि वीज वाचली नाही, तर कुणालाच काही नाही. दरम्यान बिल्डर फ्लॅट विकून मोकळा होतो. एसटीपी म्हणजे सांडपाणी शुद्धीकरणाची यंत्रणा चालवणं, सौरपॅनेल पुसणं आणि वाढतं बिल भरणं सोसायटीच्या माथी येतं.

पुणे-नाशिकच्या हवेत राहायची इमारत बांधणाऱ्यानं माझ्या मते गृह निवडावं, कारण ते पाच वर्षांनी पुन्हा तपासून घ्यावं लागतं. मानांकनाचा सल्लागार नेमायचा तो प्लॅन महापालिकेत जाण्याआधी. खिडक्या कुठल्या दिशेला, छज्जा किती खोल, पश्चिमेच्या भिंतीवर ऊन किती, हे एकदा मंजूर नकाशात गेलं की सल्लागाराच्या हाती उरतात फक्त एलईडी दिवे आणि कमी पाण्याचे नळ.