अनोळखी पाण्यात जाळे टाकण्यापूर्वी

गावच्या ओढ्यात गळ टाकून ज्याचा हात बसला आहे, त्यास मोठ्या जलाशयाचाही भरवसा वाटू लागतो. पंढरपूर तालुक्यातील करकंब परिसराचे जे शेतकरी बंधू उजनीच्या फुगवट्यात मासेमारीस जाऊ इच्छितात, त्यांनी हा भरवसा काठावरच ठेवून जावे.

भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्यात सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी मावते आणि त्याखाली कित्येक गावांची शिवारे बुडालेली आहेत. विहिरी, घरांच्या भिंती, बाभळींचे बुंधे हे सर्व वरून दिसत नाही. इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे जुने देऊळ पाणी फार ओसरले म्हणजे उघडे पडते, आणि पाऊसकाळ झाला की पुन्हा बुडते. यावरून असे ध्यानात येईल की, भरल्या पाण्यावर जेथून होडी निर्वेध जाते, तेथेच वैशाखात तिचा तळ भिंतीस लागतो. जाळे अडकून फाटले तर नुकसान पैशाचेच होते. अडकलेले जाळे सोडविण्यास जो पाण्यात उतरतो, त्याचा जीव मात्र धोक्यात येतो.

वाऱ्याचे भय याहून मोठे आहे. दि. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगाव येथून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली. सहा माणसे बुडाली. एकजण पोहून काठास लागला. तो मार्ग तर नेहमीच्या वाहतुकीचा होता. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर आभाळ कोठून भरते व लाट कोणत्या अंगाने उठते, हे काठावरच्या भोई-कोळी मंडळींस विचारल्यावाचून नवख्या माणसाने होडी लोटू नये.

विचारण्याचीही एक रीत आहे. मासा कोठे लागतो, हा प्रश्न प्रथम करू नये. ज्या जागेवर घर चालते ती जागा परक्यास कोण सांगेल, आणि का सांगावी? परंतु पाणी कोठे दगा देते, हे विचारणाऱ्यास सहसा कोणी विन्मुख पाठवीत नाही. बुडालेल्या गावचा वृद्ध रहिवासी आपली विहीर कोठे होती हे बोटाने दाखवितो. त्याचे सांगणे होडीवाल्याकडून पडताळून घ्यावे, कारण गाळाने तळ बदलत असतो. तोंडओळख झाली म्हणजे कटला, रोहू, चिलापी यांची गोष्ट आपोआप निघते.

मासेमारीचा हक्क कोणाकडे आहे व परवाना कसा मिळतो, याची माहिती मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयातून घ्यावी. बारीक आसाचे जाळे नेऊ नये. त्यात मत्स्यबीज मरते, आणि काठावरचा कोळी अशा माणसास पुढे काही सांगत नाही. सुरुंगाची दारू व विष यांचा वापर कायद्यान्वये गुन्हा आहे.

ग्रामकार्यकर्त्यांनी पहिल्या खेपेस गावकऱ्यांसोबत स्वतः काठापर्यंत जावे आणि तेथील मच्छीमार सहकारी संस्थेच्या सभासदांशी त्यांची गाठ घालून द्यावी. ही भेट सकाळची ठेवावी. तेव्हा रात्रीची जाळी काढून मंडळी काठास आलेली असतात.