थायरॉइडच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया

थायरॉइडच्या कर्करोगात पॅपिलरी प्रकार सर्वाधिक आढळतो आणि त्यावरचा मुख्य उपचार म्हणजे शस्त्रक्रिया. गाठ लहान आणि एकाच बाजूला असेल, तर बऱ्याचदा अर्धी ग्रंथी काढून भागते. गाठ ४ सेंटिमीटरहून मोठी असेल किंवा रोग ग्रंथीबाहेर पसरला असेल, तर सहसा पूर्ण ग्रंथी काढतात. मानेतल्या लसिकाग्रंथींत रोग गेला असल्यास त्याही काढाव्या लागतात.

खरे कसब असते ते आसपासचे अवयव जपण्यात. स्वरयंत्राची नस ग्रंथीला अगदी खेटून जाते. तिला इजा झाली तर आवाज बसतो. ग्रंथीच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या, साधारण चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. त्या दुखावल्या की रक्तातले कॅल्शियम उतरते. म्हणूनच ऑपरेशननंतर ओठांभोवती किंवा बोटांना मुंग्या आल्या, तर लगेच डॉक्टरांना सांगावे.

पूर्ण ग्रंथी काढल्यावर थायरॉक्सिनची गोळी जन्मभर, रोज उपाशीपोटी घ्यावी लागते. काहींना पुढे किरणोत्सारी आयोडीनही देतात. वेळेत उपचार झाल्यास पॅपिलरी प्रकारातले बहुतेक रुग्ण दीर्घायुष्य जगतात. मात्र नियमित तपासणी चुकवू नये.